चढणीची वाट

नगर जिल्हा म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो अवर्षणाचा मुलूख. पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे उन्हाळा तापला की टँकरच्या फेऱ्या सुरू होतात, चारा छावण्यांच्या चर्चा झडतात आणि मृग कोरडा गेला की आठवडे बाजारात माणसांचे चेहरे उतरतात. जिल्ह्याची पावसाची सरासरी पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरातली. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर घाटघर नावाचे गाव आहे. तिथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळते. घाटघरहून संगमनेर सरळ रेषेत साठेक किलोमीटर. तेवढ्या अंतरात पाऊस जवळपास दहाव्या हिश्शावर येतो.

याचे कारण शाळेच्या भूगोलात असते. समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला भिडतात, वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच टाकून पुढे जातात. मात्र हा धडा खरा कळतो तो जुलैत अकोल्याहून राजूरमार्गे शेंडीला जाणाऱ्या एसटीत बसल्यावर. अकोल्याच्या आसपास उसाचे फड आणि बाजरी दिसते, राजूर मागे पडले की भाताची खाचरे सुरू होतात, आणि शेंडी येईपर्यंत गाडीच्या काचेबाहेर धुक्याशिवाय काही दिसेनासे होते. जिल्हा तोच असतो. फक्त आपण पर्जन्यछायेतून पावसात शिरलेलो असतो.

या ओल्या टोकात प्रवरा जन्मते. भंडारदऱ्याचा जलाशय, रतनगड, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, सांदण दरी, हे सगळे याच पट्ट्यात. इथे येणाऱ्या हौशी माणसाच्या मनात बहुधा दोन गोष्टी असतात: गड चढायचा आणि जमले तर गळ टाकून बसायचे. दोन्ही करण्यासारख्या आहेत. पण दोन्हींचे वेळापत्रक नदी ठरवते, आपली सुट्टी नाही, आणि ते समजून घेतल्याशिवाय या खोऱ्यात पाऊल टाकले तर आपण त्याचे नुकसान करून परततो, असे माझे ठाम मत आहे.

आधी जंगलाविषयी. पाच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षावनच असणार, असे कुणालाही वाटेल. केरळातल्या कित्येक सदाहरित जंगलांइतका पाऊस इथे पडतो. तरीही इथले जंगल तसे नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला निमसदाहरित म्हणतात. फरक पावसाच्या बेरजेत नाही, वाटणीत आहे. दक्षिणेकडे मान्सून लवकर येतो, उशिरा जातो, वर परतीचा पाऊसही पडतो. झाडांना कोरडे काढावे लागतात ते तीन-चार महिने. इकडे उत्तर सह्याद्रीत ऑक्टोबर संपला की आभाळ मिटते ते थेट जूनला उघडते. सात-आठ महिने थेंब नाही. त्यात खाली बेसाल्टचा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. पडलेले पाणी थांबत नाही, वाहून जाते. एवढा पूर आणि एवढी तहान दोन्ही सोसू शकतील अशीच झाडे इथे टिकली.

त्यांत मुख्य तीन: अंजनी, जांभूळ आणि पिसा. उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जंगलाला या तिघांच्याच नावाने ओळखतात. महाबळेश्वर, भीमाशंकर आणि हा पट्टा एकाच माळेतला. सोबत हिरडा, बेहडा, उंबर, आणि उतारांवर सगळीकडे कारवी. कारवी सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग एका हंगामात डोंगरच्या डोंगर जांभळा करून मरून जाते. तिच्या काठ्यांचे कूड विणून, त्यावर शेणमाती लिंपून इथल्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. जंगल जिथे खरोखर दाट आणि उंच आहे ती ठिकाणे आता मोजकी: रतनगडाच्या पोटातले ओढे, घाटघरच्या बाजूच्या काही घळी, आणि गावोगावच्या देवराया. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, वाळकी काटकीही उचलत नाहीत. वर्षावनाशी नाते सांगणारे काही या जिल्ह्यात उरले असेल तर ते अशा ठिकाणी. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश बिबट्या, सांबर, भेकर, तरस यांचा आहे, आणि नशीब असेल तर उंच झाडाच्या शेंड्यावर शेकरूही दिसतो. जंगलात शिरताना हे अभयारण्य आहे ही गोष्ट लक्षात ठेवायची. पुढे माशांच्या संदर्भातही ती महत्त्वाची ठरणार आहे.

या भागाला जुने लोक डांगाण म्हणतात. राजूर ही डांगाणाची बाजारपेठ. कापड, खते, बियाणे, सरकारी कचेऱ्या, आश्रमशाळा, सगळ्यासाठी आसपासच्या वाड्यापाड्यांची माणसे राजूरला येतात. पर्यटक तिथे चहापुरते थांबून पुढे निघतात, ही मला नेहमी खटकणारी गोष्ट आहे. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, ते एकदा तरी पाहावे. डांगी ही इथली गोवंशाची जात. अंगावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची पखरण, खूर काळे आणि टणक, आणि कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव. हात फिरवला की तळव्याला चिकटपणा जाणवतो. या तेलामुळे पावसाचे पाणी अंगात मुरत नाही, निथळून जाते. चार महिने सलग भिजत भाताच्या चिखलात औत ओढणारा बैल दुसऱ्या जातीचा असता तर खुरांनी आणि तापाने बेजार झाला असता. पावसाने माणसाच्या घरापासून बैलाच्या कातडीपर्यंत सगळे घडवले आहे, आणि नदीतला मासाही त्याला अपवाद नाही.

राजूरहून शेंडी. शेंडीला धरणाची भिंत आहे. १९१० मध्ये काम सुरू झाले, १९२६ च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले, म्हणून कागदोपत्री हे विल्सन धरण. दगडी बांधकाम, उंची २७० फूट. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. मागच्या जलाशयात अकरा टीएमसी पाणी मावते. ब्रिटिशांनी त्याला आर्थर लेक म्हटले. आज तो आद्यक्रांतिकारक वीर राघोजी भांगरे यांच्या नावाने ओळखला जातो, आणि हे नाव इथे शोभते. राघोजी याच खोऱ्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. सावकारशाही आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध त्यांनी बंड उभारले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. या डोंगरांतल्या वाटांची माहिती हेच त्यांचे बळ होते. महादेव कोळी हे नाव ऐकून शहरी माणसाला कोळीवाडा आठवतो, पण इथला महादेव कोळी डोंगरातला शेतकरी आहे. मासेमारी हा त्याचा धंदा कधीच नव्हता. भात, नागली, वरई, जनावरे आणि जंगल यांच्या जोडीला हंगामात मिळणारा मासा, एवढेच त्याचे स्थान.

धरणाला वळसा घालणारा रस्ता आज मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फिरून पुन्हा शेंडीला येतो. रतनवाडीला शेंडीहून लाँचनेही जाता येते, आणि जलाशय भरलेला असताना जमेल त्याने तसेच जावे. रतनवाडीत अमृतेश्वराचे मंदिर आहे. शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालये बांधली अशी परंपरा आहे, त्यांतले हे एक मानतात. मंदिराजवळच्या पुष्करणीच्या भिंतीत कोनाडे आहेत आणि त्यांत विष्णूच्या मूर्ती. पावसात ती काठोकाठ भरते. नदीच्या उगमाशी इतके कोरीव काम कुणी का करावे, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर पडत नाही. खाली नेवाशापर्यंतचा सगळा प्रवरेचा काठ याच पाण्यावर जगतो. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. तिच्या काठी अकोल्यात अगस्ती ऋषींचे स्थान, नेवाशाला ज्ञानेश्वरीचा पैस खांब, आणि मधल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना. टोके येथे ती गोदावरीला मिळते. जन्मापासून संगमापर्यंत एकाच जिल्ह्यात वाहणाऱ्या मोठ्या नद्या महाराष्ट्रात फार नाहीत.

रतनवाडीहून रतनगडावर जाणारी वाट सुरुवातीला प्रवरेच्या पात्राला धरूनच जाते. कधी या काठाने, कधी त्या, कधी सरळ पात्रातल्या धोंड्यांवरून. नदी इथे दहा-बारा पावलांची. डिसेंबरात पाणी घोट्याएवढे असते आणि इतके नितळ, की तळाचा प्रत्येक खडा मोजता यावा. एखाद्या धोंड्यावर पाय रोवून, सावली पाण्यावर पडू न देता पाच मिनिटे शांत बसलात, तर वाहत्या पाण्याखाली कातळाला चिकटून बसलेला, वीतभराहून लहान, मातकट-हिरवा मासा दिसतो. पाणी जोरात त्याच्या अंगावरून जाते, शेपटीचे टोक तेवढे हलते, बाकी तो जागचा सरकत नाही. मग एकदम उसळी मारून हातभर वरच्या दगडावर जातो आणि पुन्हा चिकटतो. हा मळ्या. त्याच्या खालच्या ओठामागे मांसल चकती असते. ती कातळावर दाबून तो प्रवाहाला धरून राहतो आणि कातळावरचे शेवाळ खरवडून खातो. अंग खालून चपटे, पुढचे पर आडवे पसरलेले. धबधब्याच्या पाण्यात जगायचे तर शरीर असेच हवे.

मळ्याचे शास्त्रीय नाव गारा मुल्या. हे नाव देणारा माणूस म्हणजे कर्नल विल्यम साइक्स. मुंबई सरकारने १८२० च्या दशकात त्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमले. शेतसारा, लोकसंख्या, पिके यांच्या मोजणीबरोबर त्याने पक्षी जमवले, हवामान नोंदवले आणि मासेही जमवले. दख्खनच्या माशांचे त्याने केलेले वर्णन १८३९ च्या सुमारास पुढे आले, आणि त्यात त्याने एक मोठी गोष्ट केली: नदीकाठच्या लोकांनी सांगितलेली नावे लॅटिनच्या जोडीला तशीच ठेवली. खुद्री, मुल्या, फुलुंगी, कोलुस, नुक्ता. जगभरच्या संग्रहालयांत या माशांच्या बाटल्यांवर आजही हीच नावे आहेत. अज्ञात भोई-कोळ्यांनी त्याला मासे ओळखायला शिकवले, आणि त्यांच्या ज्ञानाची एवढी तरी नोंद शास्त्रात राहिली. याच साइक्सने हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर इंद्रवज्र पाहिले होते. खालच्या दरीत धुके, पाठीशी सूर्य, आणि समोर ढगावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य. त्याचे वर्णन त्याच्या १८३५ मध्ये छापलेल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात आहे. आजही पावसाळा संपताना कोकणकड्यावर ते दिसते.

आता मुख्य गोष्ट: चढणीचा मासा.

मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले, ओढ्यांना गढूळ लोंढा आला की जलाशयातले आणि नदीच्या डोहातले मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात. पाणी एकदम थंड झालेले असते, गढूळ झालेले असते, त्यात प्राणवायू भरपूर असतो. मादीच्या पोटात अंडी तयार असतात आणि या खुणांची ती वाट पाहत असते. मोठ्या डोहात अंडी टाकली तर ती खाणारे आ वासून बसलेले असतात. वरच्या उथळ ओढ्यात, भाताच्या खाचरात, नुकत्याच पाण्याखाली गेलेल्या गवतात शत्रू कमी असतात आणि काही दिवसांत तिथे सूक्ष्म जीवांचे खाद्य तयार होते. पिल्ले चार-सहा आठवडे तिथे वाढतात आणि पाणी ओसरू लागले की खाली उतरतात. नदी खाली उतरत असते त्या वेळी मासा तिच्यातून वर चढत असतो, आणि एका वर्षाची अख्खी पिढी या काही रात्रींवर अवलंबून असते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही हेच मोठ्या प्रमाणावर घडते: पूर जंगलात शिरतो, मासे झाडांच्या बुंध्यांमध्ये पोहतात, पडलेली फळे खातात. तिथले पाणी महिनोन्महिने जंगलात राहते. आपल्याकडे ही संधी थोड्या दिवसांची.

नेमक्या याच रात्री मासा पकडायला सर्वांत सोपा. खाचराच्या बांधावरून पाणी उसळते तिथे बांबूचा सापळा लावला की झाले. हातात बॅटरी आणि पोते घेऊन पोरे ओढ्याला जातात. खेकडेही याच पावसात बिळातून बाहेर येतात. घरी कालवणाचा वास सुटतो, आणि सगळ्या वाडीला ठाऊक असते की मासा चढला. वर्षभर नागलीची भाकर आणि हुलग्याचे पिठले खाणाऱ्या घराला पावसाळ्याच्या तोंडाशी मिळणारे हे अन्न आहे. आवणीच्या कष्टांआधी अंगात ताकद भरणारे. शहरातून जाऊन त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. एका वाडीने एका ओढ्यावर लावलेल्या सापळ्यांतून निसटून पुष्कळ मासे वर जात.

बिघडले ते नंतर. चढणीच्या माशाला हॉटेलात आणि शहरात भाव आला, ‘गावरान मासा’ म्हणून गाड्या थांबू लागल्या, आणि सापळ्याच्या जागी ओढा आडवा बंद करणारी बारीक जाळी आली. काही ठिकाणी ब्लिचिंग पावडर टाकतात, कुठे बॅटरीचा शॉक देतात, कुठे सुरुंगाची दारू. पूर्वी गेळाची फळे कुटून डोहात टाकत आणि गुंगलेले मासे वेचत. पण ते एका लहान डोहापुरते होते. ब्लिचिंग पावडर ओढ्यातले अंडे, अळी, खेकडा, बेडूक काही शिल्लक ठेवत नाही. पाण्यात स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्याला या देशात १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, तरी ओढ्यावर रात्री कोण जाणार? म्हणून मागणी थांबवणे हा एकच उपाय मला खात्रीचा वाटतो. जून-जुलैत या भागात गेलात तर पोटात गाबोळी असलेला मासा विकत घेऊ नका, आणि गळही घरीच ठेवा.

चढणारा मासा शेंडीच्या भिंतीपाशी येऊन थांबतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. २७० फुटांची दगडी भिंत कुठलाही मासा चढत नाही. १९२६ पासून धरणाच्या वरचे मासे आणि खालचे मासे यांची ताटातूट झाली आहे. वरच्यांना रतनवाडी, घाटघर, साम्रदकडचे ओढे उरले; खालच्यांना रंध्याच्या धबधब्याखालचे डोह आणि आता निळवंडे धरणाचे पाणी. धरणाने खालच्या कोरड्या तालुक्यांना दिलेले पाणी मी कमी लेखत नाही. प्रवराकाठची शेती, तिथली घरे, तिथल्या शाळा त्यावर उभ्या आहेत. पण शांत, खोल, वर-खाली होणाऱ्या जलाशयात वेगळाच मासा सुखी असतो. रोहू आणि कटला मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले. त्यांची बोटुकली सोडून जलाशयात मासेमारी चालते. आणि चिलापी. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला ना पूर लागतो ना ओढा. ज्याला चढावेच लागत नाही अशा माशाला धरणाची भिंत आड येत नाही, आणि म्हणून राज्यातल्या बहुतेक जलाशयांत आज जाळे वर ओढले की आधी चिलापीच दिसते.

ज्याच्यासाठी जगभरचे गळवाले सह्याद्रीत येत तो मासा महसीर. साइक्सचा खुद्री तो हाच, आपल्याकडे खडस किंवा खडशी म्हणतात. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, खळाळत्या पाण्याचा राजा. नदीकाठच्या उंबराची फळे पाण्यात टपटपतात त्याखाली तो घुटमळत राहतो. सह्याद्रीत धरणे झाली तसा तो घटला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास केली. लाखो पिल्ले देशभर वाटली गेली. हेतू अगदी चांगला होता. पण त्यांतली काही कावेरीत सोडली गेली, आणि तिथे हा महाराष्ट्री मासा इतका माजला की कावेरीचा स्वतःचा, मदार असलेला महसीर मागे हटत गेला. तो आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, तोवर फार उशीर झाला होता. एका नदीचा मासा दुसरीत सोडणे म्हणजे पुण्यकर्म असे समजणाऱ्या प्रत्येकाने ही हकिगत वाचावी.

महसीर वाचला तो दुसऱ्याच एका मार्गाने. रायगड जिल्ह्यात, महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडात वरदायिनी देवीचे मासे आहेत. लोक लाह्या टाकतात, मासे पायऱ्यांशी येतात, आणि त्यांना कुणी हात लावत नाही. जंगलासाठी देवराई तशी पाण्यासाठी ही राखण. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० मध्ये एका नव्या जातीचा चिमुकला मासा सापडला, त्याला नदीचेच नाव मिळाले, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. उगमाशी देऊळ होते, म्हणून कुंड टिकले आणि कुंडात मासा टिकला. रतनवाडीच्या प्रवरेलाही तसाच उगम आणि तसेच देऊळ आहे.

मग गळ टाकायचाच नाही का? टाकायचा, पण विचारून. अभयारण्याच्या हद्दीत मासा हाही वन्यजीव आहे, तिथल्या ओढ्यांत परवानगीशिवाय गळ टाकणे म्हणजे शिकार. जलाशयातली मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे जाते, त्यामुळे काठावर बसण्याआधी शेंडीत चौकशी करावी. माझ्या मते पाहुण्याने करण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे हिवाळ्यात, पाणी स्थिर झाल्यावर, स्थानिक मच्छीमाराला रास्त पैसे देऊन पहाटे त्याच्याबरोबर होडीत बसणे. आदल्या संध्याकाळी लावलेले जाळे तो हाताहाताने ओढतो तेव्हा प्रत्येक माशाचे नाव विचारावे. नंतर त्याच्याच घरी तव्यावर तळलेली चिलापी खावी. चिलापी मनसोक्त खाल्ली तरी नदीचे काही बिघडत नाही, उलट बरेच होते.

डोंगराचेही वेळापत्रक आहे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या सरींच्या आगेमागे, भंडारदऱ्याच्या आणि पुरुषवाडीच्या झाडांवर काजवे लखलखतात. एका झाडावरचे हजारो नर एकाच लयीत उजळतात आणि विझतात. त्यांना अंधार हवा असतो. गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी लागली की मादीला नराची खूण दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघर-रतनवाडीचा रस्ता पाहण्यासारखा असतो, पण रतनगडाची ओढ्यातली वाट आणि सांदण दरी तेव्हा टाळावी. साम्रदजवळची सांदण म्हणजे दोनशे फुटांहून खोल, काही ठिकाणी दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी भेग. वर कुठे पाऊस झाला आणि पाणी आले तर पळायला जागा नाही. तिचे पाणी कोकणात उतरते. साम्रदच्या पलीकडे पडलेला थेंब अरबी समुद्राला जातो, रतनवाडीला पडलेला बंगालच्या उपसागराला. सप्टेंबरअखेर सोनकीने पठारे पिवळी होतात, आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत चढाईचा खरा हंगाम. १६४६ मीटरची कळसूबाई बारी गावातून शिड्यांनी चढता येते. हरिश्चंद्रगड पाचनईच्या बाजूने चढावा. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात पाय घालून मग तारामतीवर जावे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ याच गडावर लिहिले.

या सगळ्यात एका गोष्टीची मात्र उणीव भासते. रतनवाडी, घाटघर, साम्रद, मुतखेल इथल्या ओढ्यांत कुठला मासा कधी चढतो, कुठल्या डोहात उन्हाळा काढतो, कुठला आता दिसत नाही, हे इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे आणि ते कागदावर यायला हवे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोय केली. माधव गाडगीळ यांनी आयुष्यभर धरून ठेवलेली ही कल्पना. त्या नोंदवहीत झाडे आणि पाखरे लिहिली जातात, मासे बहुधा राहून जातात. अकोले-संगमनेरच्या महाविद्यालयांतली प्राणिशास्त्राची मुले एक पावसाळा या ओढ्यांवर राहिली, म्हाताऱ्यांकडून नावे आणि जागा लिहून घेतल्या, चढण सुरू झाल्याची तारीख दरवर्षी टिपली, तर साइक्सने जिथे काम सोडले तिथून ते पुढे जाईल. आणि कुठल्या ओढ्यावर जूनमध्ये सापळा लावायचा, कुठला मोकळा ठेवायचा, हे ठरवायला ग्रामसभेच्या हाती स्वतःचा पुरावा असेल.